बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलंय? कुटुंबानं टप्प्याटप्प्यानं काय करायचं

रक्ताच्या आजारात डॉक्टर ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल’ म्हणाले की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा ‘ऑपरेशन किती तासांचं?’ हा. पैशाचा प्रश्न खरा आहे, त्याकडे येऊच. ऑपरेशन मात्र रुग्णाचं होतच नाही. पेशींची पिशवी रक्त चढवतात तशी शिरेतून चढवली जाते आणि बहुतेक वेळा काही तासांत संपते. निकाल लागतो तो त्याआधीच्या काही आठवड्यांत आणि नंतरच्या साधारण शंभर दिवसांत. त्या काळातली कितीतरी कामं घरच्यांच्या हातात असतात. म्हणून हा लेख रुग्णाइतकाच त्याच्या आईवडिलांसाठी, जोडीदारासाठी आणि भावंडांसाठी लिहिला आहे. औषधांचे निर्णय तुमचे हेमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञच घेतील. त्यांना काय विचारायचं आणि आपण काय सांभाळायचं, ते इथे आहे.

आधी हे समजून घ्या: बदलतं काय

कंबरेचं हाड, छातीचं मधलं हाड, मणके यांच्या आतल्या मगजात, म्हणजेच बोन मॅरोत, रक्त तयार होतं. निरोगी मोठ्या माणसाच्या शरीरात दररोज सुमारे २०,००० कोटी लाल पेशी बनतात, शिवाय पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वेगळ्या. हा सगळा कारखाना चालतो तो मूठभर स्टेम सेल्सवर. मॅरोतल्या पेशींत त्यांचं प्रमाण लाखात एखादी इतकं कमी असतं. पण एकीपासून स्वतःसारखी दुसरीही होते आणि रक्तातली प्रत्येक जातीची पेशीही. टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ही गोष्ट दाखवून दिली.

जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल्स, टी-पेशी, बी-पेशी याच मुळातून निघतात. म्हणजे ट्रान्सप्लांटमध्ये रक्ताबरोबर रुग्णाची प्रतिकारशक्तीही बदलते. पुढच्या सगळ्या पथ्यांचं कारण हेच आहे. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटसुद्धा दात्याचा होतो.

स्वतःच्या पेशी की दुसऱ्याच्या?

डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: ‘ऑटो करायचं की ॲलो?’ दोन्हींना ट्रान्सप्लांटच म्हणतात, पण धोका, खर्च आणि नंतरचा काळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ऑटोलोगस, म्हणजे ‘ऑटो’मध्ये रुग्णाच्याच स्टेम सेल्स आधी काढून गोठवून ठेवतात. मग केमोथेरपीचा इतका मोठा डोस देतात की कर्करोगाच्या पेशींबरोबर मॅरोही मोडतो, आणि ठेवलेल्या पेशी परत देऊन मॅरो उभा करतात. मल्टिपल मायलोमा आणि काही लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगांमध्ये हा मार्ग वापरतात. इथे स्टेम सेल्स रोगाशी लढत नाहीत. मोठा केमो झेपावा एवढंच त्यांचं काम.

ॲलोजेनिक, म्हणजे ‘ॲलो’मध्ये पेशी दुसऱ्याच्या असतात. ॲक्युट ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे जोखमीचे प्रकार, एमडीएस (मॅरोत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार), अप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो रक्त बनवणंच थांबवतो), थॅलेसेमिया मेजर, सिकल सेलचे काही रुग्ण आणि जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेली बाळं, यांना ॲलो लागतं. ल्युकेमियात याचा आणखी एक मोठा फायदा आहे. केमोतून सुटलेल्या रोगट पेशी दात्याच्या टी-पेशी ओळखतात आणि मारतात. इथे कर्करोगावरचा इलाज दात्याची प्रतिकारशक्तीच करत असते. ई. डॉनल थॉमस यांना ट्रान्सप्लांटवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी १९९० चं नोबेल मिळालं. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं.

एक सावधगिरी. सीएमएल हा ल्युकेमिया एके काळी ट्रान्सप्लांटचं मोठं कारण होता. २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आल्यापासून बहुतेक सीएमएल रुग्णांना त्याची गरज पडत नाही. तेव्हा कोणताही आजार असो, ‘ट्रान्सप्लांटशिवाय दुसरा पर्याय काय, आणि त्यानं किती चालेल?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रान्सप्लांटचा अनुभव असलेल्या दुसऱ्या केंद्राचं मत घेण्यात कोणाचा अपमान नाही.

नात्यातलं रक्त चढवू नका

ही गोष्ट सर्वांत कमी घरांना वेळेवर कळते, म्हणून ठळक सांगतो. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स कमी झाल्या की काका, मामा, भाऊ सगळे बाही वर करून उभे राहतात. आपल्याकडे ते प्रेमच आहे. पण ज्याचं ॲलो ट्रान्सप्लांट होण्याची शक्यता आहे, त्याला रक्ताच्या नातेवाइकांचं रक्त चढवू नये. त्या रक्तातल्या खुणांविरुद्ध रुग्णाच्या शरीरात अँटिबॉडीज तयार होतात, आणि पुढे त्याच घरातला दाता निघाला तर त्याच्या पेशी शरीर नाकारू शकतं. अप्लास्टिक ॲनिमियात हा धोका विशेष.

मग नातेवाइकांनी काय करायचं? रक्तपेढीत बदली रक्तदान करायचं. त्यांचं रक्त दुसऱ्या कोणाला जाईल आणि तुमच्या रुग्णाला परक्या दात्याचं मिळेल. व्हॉट्सॲपवर ‘एसडीपी (एकाच दात्याकडून यंत्रानं घेतलेल्या प्लेटलेट्स) डोनर हवा’ असा मेसेज टाकताना ‘रुग्णाच्या नात्यातला नको’ हे आवर्जून लिहा. रुग्णालय वेगळं असेल तिथल्या डॉक्टरांनाही ‘पुढे ट्रान्सप्लांटचा विचार आहे’ हे स्वतःहून सांगा. मग ल्युकोसाइट फिल्टर लावलेलं आणि गरज असेल तेव्हा इरॅडिएटेड, म्हणजे किरणोत्सर्ग दिलेलं रक्तच मागवलं जाईल.

एचएलए तपासणी: जुळतंय की नाही

एचएलए हा पेशींवरचा ओळखीचा ठसा. त्याची जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर जवळजवळ बसलेली असतात, त्यामुळे मूल आईकडून एक पूर्ण संच घेतं आणि वडिलांकडून एक. एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील तर कोणीतरी जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. आई किंवा वडील साधारणपणे अर्धेच जुळतात. रक्तगट जुळण्याचा याच्याशी संबंध नाही, हे घरातल्या मोठ्यांना एकदा नीट समजावून सांगा. ‘आमचा गट एकच आहे, माझा मॅरो घ्या’ हे वाक्य हमखास येतं.

तपासणीसाठी थोडं रक्त किंवा गालाच्या आतून कापसाच्या काडीनं पुसून घेतलेला नमुना पुरतो. डॉक्टर ‘हाय रिझोल्युशन’ टायपिंग सांगतील, त्यात सहसा ए, बी, सी, डीआरबी-१ आणि डीक्यूबी-१ या पाच जागा बघतात. प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणून ‘१० पैकी १०’. स्वस्तातली अर्धवट तपासणी करून पुन्हा पैसे घालू नका. ज्या केंद्रात ट्रान्सप्लांट करायचं आहे त्यांनाच विचारून त्यांना मान्य असलेल्या लॅबमध्ये करा.

जुळलं नाही तर तीन रस्ते उरतात. रजिस्ट्रीतून, म्हणजे स्वेच्छेनं नाव नोंदवलेल्या दात्यांच्या यादीतून, परका दाता शोधणं, हा पहिला. जगभरात चार कोटींहून जास्त नोंदणीकृत दाते आहेत, पण भारतीय वंशाचे त्यात फार थोडे, आणि जुळण्याची शक्यता आपल्याच समाजात जास्त असते. अर्धा जुळणारा घरातला दाता, म्हणजे ‘हॅप्लो’, हा दुसरा. ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झाली आणि हॅप्लो सर्वत्र शक्य झालं. आता आई, वडील, मुलगा, मुलगी कोणीही दाता होऊ शकतं. मात्र हॅप्लोच्या आधी दात्याविरुद्ध अँटिबॉडीज आहेत का, ही डीएसए तपासणी झालीच पाहिजे. वरची नात्यातल्या रक्ताची गोष्ट इथेच आडवी येते. तिसरा रस्ता नाळेतल्या रक्ताचा, तो आपल्याकडे क्वचित.

रजिस्ट्रीतला शोध काही आठवडे ते काही महिने घेतो. म्हणून ल्युकेमियाचं निदान होताच, पहिला केमो चालू असतानाच टायपिंग करून टाकावं. रोग उलटण्याची वाट बघत थांबणं महागात पडतं.

थॅलेसेमिया आणि सिकल सेल: घाई कुठे, संयम कुठे

थॅलेसेमियाच्या मुलाच्या आईवडिलांनी भावंडाची तपासणी मूल लहान असतानाच करून घ्यावी. वय वाढतं तसं वारंवार चढवलेल्या रक्तातलं लोह यकृतात साठतं आणि ट्रान्सप्लांटचा धोका चढत जातो. इटलीतल्या पेसारोच्या डॉक्टरांनी तीन गोष्टींवरून जोखीम मोजली: यकृत वाढलंय का, त्यात व्रण पडलेत का, आणि लोह काढायची औषधं नियमित घेतली का. तिसरी गोष्ट पूर्णपणे घराच्या हातातली आहे. ट्रान्सप्लांट व्हायचंच आहे म्हणून डेफेरासिरॉक्सच्या गोळ्यांत हयगय करणं ही सर्वांत महागडी चूक. लहान वय, सख्ख्या भावंडाचा पूर्ण मेळ आणि निरोगी यकृत असेल तर चांगल्या केंद्रांत दहातली आठ-नऊ मुलं रक्त चढवण्यापासून कायमची सुटतात.

विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे. तिथे पहिला उपाय हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड आणि लसी हाच आहे. मेंदूला झटका आला, छातीचे गंभीर त्रास वारंवार झाले, किंवा औषध घेऊनही वेदनेचे झटके थांबत नाहीत, तेव्हा ट्रान्सप्लांटचा विषय काढायचा. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली कॅसजेव्ही ही जनुक-संपादनाची उपचारपद्धतीही रुग्णाच्याच रक्ताच्या स्टेम सेल्सवर चालते. पेशी बाहेर काढून बदलतात, मग बुसल्फान देऊन मॅरो रिकामा करतात आणि त्या परत देतात. तिची किंमत आज आपल्या कुटुंबांच्या आवाक्यातली नाही.

केंद्र आणि पैसा

टाटा मेमोरियलचं ट्रान्सप्लांट युनिट खारघरला ॲक्ट्रेकमध्ये आहे. मुंबई महापालिकेचं मुलांसाठीचं थॅलेसेमिया आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट केंद्र बोरिवलीत आहे. पुणे, नागपूर, मुंबईत खासगी केंद्रंही आहेत, आणि वेल्लोरच्या सीएमसीला महाराष्ट्रातून रुग्ण नेहमी जातात. केंद्र निवडताना इमारत बघू नका. विचारा: याच आजाराची, याच प्रकारची ट्रान्सप्लांट्स वर्षाला किती होतात? एक वर्षानंतर किती रुग्ण जिवंत आहेत? रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कोण उचलतं? इरॅडिएटेड रक्त इथेच मिळतं का?

खर्चाचं अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात दोन आकडे वेगळे करून घ्या, भरती असतानाचा खर्च आणि घरी गेल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांचा. दुसरा आकडा बहुतेक जण विचारतच नाहीत. अँटिफंगल औषधं, सीएमव्ही या विषाणूच्या तपासण्या, पुन्हा भरती होणं, केंद्राजवळ भाड्याची खोली, एका कमावत्या माणसाची बंद पडलेली नोकरी, हे सगळं त्यात येतं.

मदतीसाठी पहिली भेट रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्यांची घ्या. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक ॲनिमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत, निवडक रुग्णालयांत, १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा यांचे अर्ज वेगवेगळे असतात. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, केंद्राच्या लेटरहेडवरचं अंदाजपत्रक आणि एचएलए अहवाल यांच्या पाच-सहा झेरॉक्स प्रती एका फायलीत तयार ठेवा. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला यायला वेळ लागतो, तो आजच टाका.

भरतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे

दात दाखवा. किडलेला दात केमोनंतर जंतूंचं दार ठरतो. हृदय, फुप्फुसं, यकृत, किडनी यांच्या तपासण्या होतील, हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची चौकशी होईल. घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर लपवू नका.

मूल होण्याचा विषय संकोचानं टाळला जातो आणि मग उशीर होतो. मोठ्या केमोनं वंध्यत्व येऊ शकतं. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू केमोआधी गोठवता येतात, त्याला एक-दोन दिवस पुरतात. मुलींसाठी बीजांड गोठवण्याला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आधी बोलायला हवं. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

घरी राहणारा एक माणूस ठरवा, आणि त्याला बदली दुसरा. रुग्णाला चांगलं शिजवून घालणं, औषधांच्या वेळा, डायरी आणि गाडी, या चारही गोष्टी ज्याला जमतात तो माणूस हवा. सगळ्यात प्रेमळ माणूस हा सगळ्यात योग्य असेलच असं नाही.

कंडिशनिंग आणि ‘डे झिरो’

युनिटमध्ये दिवस उलटे मोजतात: मायनस सात, मायनस सहा… डे झिरो, मग प्लस एक, प्लस दोन. मायनसच्या दिवसांत कंडिशनिंग, म्हणजे जुना मॅरो रिकामा करणारी बुसल्फान, फ्लुडाराबिन, मेलफॅलान यांसारखी औषधं किंवा अंगभर किरणोत्सर्ग दिला जातो. औषधं आणि पेशी देण्यासाठी मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालतात. तिचं ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही, आणि लाल झालं, दुखलं, थंडी वाजली तर लगेच सांगायचं.

मायलोमाच्या ऑटोमध्ये मेलफॅलान चालू होण्याच्या आधीपासून संपल्यावरही काही वेळ तोंडात बर्फाचे तुकडे चघळायला देतात. गारव्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी सोलतं. रुग्ण कंटाळतो, ‘पुरे’ म्हणतो. जवळच्या माणसानं त्या वेळी शेजारी बसून चमच्यानं बर्फ भरवत राहावं. पुढचे दहा दिवस तो जेवू शकेल की नाही, याच्यावर या एका कामाचा मोठा परिणाम होतो.

डे झिरोला पिशवी येते. ऑटोची पिशवी द्रवरूप नायट्रोजनमधून काढून पलंगाशेजारीच कोमट पाण्यात वितळवतात आणि पटकन चढवतात. गोठवताना घातलेल्या डीएमएसओमुळे खोलीभर लसणासारखा किंवा उकडलेल्या मक्यासारखा वास सुटतो, रुग्णाच्या श्वासालाही एक-दोन दिवस येतो. मळमळ होते, घसा खवखवतो. लिंबाची फोड किंवा पेपरमिंट जवळ ठेवायला परवानगी आहे का ते आधी विचारा. ॲलोची ताजी पिशवी रक्तासारखीच लाल, त्यात वास नाही. पेशी हातातल्या किंवा मानेच्या शिरेत दिल्या तरी रक्तातून फिरत मॅरोपर्यंत त्या आपल्या आपण पोचतात. मॅरोमधून येणारा रासायनिक इशारा त्या ओळखतात.

किती पेशी मिळाल्या, हा आकडा विचारून लिहून ठेवा. ‘सीडी-३४ किती?’ असं विचारलं की झालं, ती स्टेम सेल्स ओळखायची खूण आहे. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख असाव्यात, आणि ४०-५० लाख असतील तर मॅरो सहसा वेळेत उभा राहतो.

काउंट शून्य

साधारण प्लस पाचपासून पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. तोंड येतं, जुलाब होतात, केस जातात, ताप बहुतेकांना येतोच. या दिवसांत नातेवाइकांचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे न येणं. सर्दी झालेला भाऊ दाराबाहेरूनसुद्धा नको. आत असलेल्या एका माणसानं हात धुणं, दिवसातून अनेकदा मिठाच्या किंवा सांगितलेल्या पाण्याच्या गुळण्या करवून घेणं आणि रुग्णाला रोज थोडं चालवणं, एवढं नेमानं करावं. चालण्यानं फुप्फुसं मोकळी राहतात.

सकाळी सगळ्या खोल्यांतून एकच प्रश्न येतो, ‘एएनसी किती?’ एएनसी म्हणजे न्यूट्रोफिल्सची संख्या. ती सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिली की पेशी रुजल्या असं धरतात. ऑटोमध्ये हे १० ते १४ दिवसांत होतं, ॲलोमध्ये सहसा दोन ते तीन आठवड्यांत. एखाद्या दिवशी आकडा खाली गेला म्हणून घरी रडारड नको, सुरुवातीला तो खालीवर होतोच. ॲलोमध्ये साधारण महिन्यानं ‘कायमेरिझम’ तपासतात. त्यातून कळतं की तयार होणारं रक्त दात्याचं किती आणि रुग्णाचं किती.

जीव्हीएचडी ओळखायला शिका

ॲलोमध्ये दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्यावर हल्ला करू शकतात. यालाच जीव्हीएचडी म्हणतात. त्वचा, आतडी आणि यकृत या तीन जागा पहिल्या. ज्या पेशी ल्युकेमिया मारतात त्याच हेही करतात, म्हणून डॉक्टर त्यांना पूर्ण बंद करत नाहीत, सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसनं आवरून धरतात.

घरी बघायचं ते असं. तळहात, तळपाय, कान आणि मान रोज उजेडात बघा. तिथे लालसर पुरळ किंवा जळजळ आधी दिसते. जुलाब किती वेळा आणि अंदाजे किती, हे लिहून ठेवा. ‘पोट बिघडलंय’ एवढ्यानं डॉक्टरांना काही कळत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी फोन. काही महिन्यांनी डोळे कोरडे पडणं, तिखट अजिबात न सोसणं, कातडी ताठ होणं ही जुनाट जीव्हीएचडीची लक्षणं असू शकतात. कडक उन्हानं त्वचेवरची जीव्हीएचडी चेतते, तेव्हा टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन लागणारच.

सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी घेऊ नका. आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळी घेऊन गेलात तर आकडा चुकीचा येतो आणि डोस चुकीचा बदलला जातो. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, कारण त्यांनी या औषधांची पातळी वाढते. आणि कितीही जवळच्या माणसानं आग्रह केला तरी काढे नकोत. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. शिवाय ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम आवरून धरली आहे त्याला ती ‘वाढवणारं’ काही देणं म्हणजे उपचाराच्या उलट जाणं.

घरचे शंभर दिवस

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की तासाभरात रुग्णालय. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतो का बघू’ नाही. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा, सोबत युनिटचा रात्रीचा नंबर.

घरात रंगकाम, फरशी, तोडफोड या काळात काढू नका. शेजारी चालू असेल तर खिडक्या बंद. धुळीतल्या ॲस्परजिलस बुरशीनं फुप्फुसात बसलेला जंतुसंसर्ग काढायला फार जड जातो. कुंडीतल्या मातीला, अगदी तुळशीच्याही, रुग्णानं हात लावू नये. गॅलरीत कबुतरं बसत असतील तर जाळी त्याला घरी आणण्याच्या आधी लावा, आणि विष्ठा दुसऱ्या कोणी ओली करून साफ करावी.

जेवण ताजं, गरम, घरचं. वरण-भात, मऊ खिचडी, शिजवलेल्या भाज्या, नीट उकडलेलं अंडं चालतं. सालीची फळं धुऊन, सोलून. कच्ची कोशिंबीर, कच्ची मोडाची कडधान्यं, वाटलेली कच्ची चटणी, उसाचा रस, बाहेरची पाणीपुरी नको. दह्याबद्दल प्रत्येक केंद्राचा नियम वेगळा, तो विचारा. आणि प्रसादाचं आधीच ठरवून ठेवा: पंचामृत, तीर्थ, उघड्यावर ठेवलेले पेढे रुग्णाला द्यायचे नाहीत. घरात गणपती असेल तर आरतीच्या गर्दीत त्याला बसवू नका. आजीला वाईट वाटेल, म्हणून हे तिला डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं. पुढच्या भेटीला तिला सोबत न्या.

सेप्ट्रान, अँटिफंगल, अँटिव्हायरल गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबवायच्या नाहीत. एक साधी वही करा: तारीख, ताप, वजन, जुलाब, पुरळ, गोळ्यांवर खुणा. ओपीडीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की पाच मिनिटांची भेट नीट कारणी लागते. एका कार्डावर ‘इरॅडिएटेड रक्तच द्यावे’ असं लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवा, अपघातात दुसऱ्या रुग्णालयात नेलं तर ते कामी येतं.

लसी पुन्हा पहिल्यापासून

लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण जुन्या प्रतिकारशक्तीबरोबर बरीचशी पुसली जाते. त्यामुळे न्यूमोकोकस, धनुर्वात-घटसर्प, हिपॅटायटिस बी, इंजेक्शनची पोलिओ लस या निष्क्रिय लसी साधारण तीन ते बारा महिन्यांत, केंद्राच्या तक्त्याप्रमाणे, नव्यानं सुरू होतात. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी किमान दोन वर्षं नाहीत, आणि त्याही जीव्हीएचडी नसेल व औषधं बंद झाली असतील तरच. घरातल्या इतरांनी फ्लूची इंजेक्शनवाली लस दरवर्षी घ्यावी.

घरात लहान मूल असेल तर पल्स पोलिओच्या रविवारी थांबा आणि आधी युनिटला विचारा. तोंडावाटे दिलेल्या लसीतला जिवंत विषाणू मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. आशाताईंना हे मोकळेपणानं सांगा, त्या समजून घेतात. त्या मुलासाठी इंजेक्शनच्या लसीचा पर्याय बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं विकणाऱ्यांपासून सांभाळा

ट्रान्सप्लांटची माहिती शोधू लागलात की गुडघेदुखी, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा सगळं स्टेम सेलनं बरं करणाऱ्या जाहिराती तुमच्या मोबाइलवर येऊ लागतील. यातल्या आईवडिलांची अगतिकता मला कळते, म्हणूनच स्पष्ट लिहितो. भारतात नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या आजारांतल्या रक्तपेशी तयार करणाऱ्या स्टेम सेल्सच्या ट्रान्सप्लांटला. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाकीचे वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये व्हायला हवेत, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाख-दोन लाख मागत असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. रक्ताच्या स्टेम सेलपासून रक्त बनतं. तिच्यापासून गुडघ्याची कूर्चा किंवा मेंदूची पेशी उगवते, याचा पुरावा रुग्णांत मिळालेला नाही.

नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवण्याचंही तसंच. बाळाला थॅलेसेमिया निघाला तर तोच दोष त्याच्या नाळेच्या रक्तातही असतो, मग ते त्याच्या कामाचं नाही. घरात आधीच आजारी मोठं भावंड असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रसूतीआधीच ट्रान्सप्लांट केंद्राशी बोलून नाळेचं रक्त जपावं.

कार-टी हे नावही ऐकाल. ते स्टेम सेल नव्हे, रुग्णाच्या टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याचा उपचार आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. बी-पेशींच्या काही ल्युकेमिया आणि लिम्फोमांत, रोग उलटल्यावर, त्याबद्दल जरूर विचारा.

आणि तुम्हाला दाता व्हायचं असेल तर

दात्री, डीकेएमएस यांसारख्या रजिस्ट्रींमध्ये १८ वर्षांवरच्या निरोगी माणसाला नाव नोंदवता येतं. वरची वयोमर्यादा रजिस्ट्रीनुसार पन्नाशीच्या आसपास आहे. गालाच्या आतून पुसलेला नमुना पुरतो. जुळलात तर चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्यानं स्टेम सेल्स मॅरोतून रक्तात उतरतात. मग प्लेटलेट्स देतो तसं यंत्राशेजारी चार ते सहा तास बसायचं. इंजेक्शनच्या दिवसांत कंबर, पाठ, डोकं दुखतं, पॅरासिटामॉलनं भागतं आणि नंतर थांबतं. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. क्वचित भूल देऊन कंबरेच्या हाडातून सुईनं मॅरो काढतात, त्यालाही टाके नाहीत. पाठीच्या कण्यातून काही काढत नाहीत. लग्नाच्या मुलीनं देऊ नये, कमजोरी येते, या बोलण्यात तथ्य नाही.

नोंदवण्याआधी घरी बोला. रजिस्ट्रीचा फोन येतो तेव्हा घरच्यांच्या भीतीनं माघार घेणारे दाते असतात. आणि कंडिशनिंग सुरू झाल्यावर दात्यानं नाही म्हटलं, तर मॅरो मोडलेल्या रुग्णाला परतीचा रस्ता उरत नाही. नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच फोनवर म्हणा, त्यात काही गैर नाही. गडचिरोलीतले, कोकणातले, खानदेशातले लोक रजिस्ट्रीत जितके जास्त येतील तितकी तिथल्या रुग्णांना जुळणी मिळण्याची शक्यता वाढेल. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसानं तिथल्या रजिस्ट्रीत नाव घातलं तरी तो साताऱ्यातल्या रुग्णाच्या शोधात दिसू शकतो, कारण या रजिस्ट्री एकमेकींना जोडलेल्या आहेत. पत्ता किंवा फोन बदलला की रजिस्ट्रीला कळवा. जुळलेला दाता सापडलाच नाही, तर नाव नोंदवून उपयोग होत नाही.